विश्लेषण : विंडोज, मॅक, लिनक्स की क्रोमबुक? लॅपटॉप घेण्याआधी सॉफ्टवेअरची यादी का करायची?

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की अनेक घरांत दुसरीही एक फेरी सुरू होते, लॅपटॉपच्या दुकानांची. बजेट साधारण ठरलेले असते. ६० ते ८० हजार, फार झाले तर हप्त्यांवर लाखभर. मग सल्ले येऊ लागतात. आयटीतला मामा म्हणतो, डोळे झाकून मॅक घे. दुकानदार नव्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपची दिवसभर टिकणारी बॅटरी दाखवतो. वर्गातला मित्र ग्राफिक्स कार्डाखेरीज दुसरे काही बोलत नाही. या गडबडीत एक प्रश्न राहून जातो : पुढच्या चार वर्षांत या यंत्रावर नेमकी कोणती सॉफ्टवेअर चालवायची आहेत?

याचा फटका उशिरा बसतो. समजा, मेकॅनिकलला प्रवेश मिळालेल्या मुलीने लाखाचा मॅकबुक घेतला. पहिले वर्ष सी, पायथन आणि प्रेझेंटेशन करण्यात सुरळीत गेले. पुढे अभ्यासात सॉलिडवर्क्स आले आणि ते मॅकवर चालतच नाही. लॅपटॉपात काहीच खोट नाही, पण तिच्या कामाचा तो नाही. दुकानात परत करण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते आणि हप्ते मात्र चालू असतात.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमके काय?

लॅपटॉपच्या जाहिरातीत प्रोसेसर, रॅम, स्टोरेज असे आकडे असतात. प्लॅटफॉर्म हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे आणि त्याचे दोन थर आहेत. वरचा थर ऑपरेटिंग सिस्टीमचा : विंडोज, मॅकओएस, लिनक्स, क्रोमओएस. खालचा थर प्रोसेसरच्या भाषेचा. तिथे आज दोन घराणी आहेत. एक एक्स८६, ज्याची सुरुवात इंटेलच्या १९७८ मधल्या ८०८६ चिपपासून झाली. इंटेल आणि एएमडीचे लॅपटॉप प्रोसेसर याच घराण्यातले. दुसरे एआरएम, ज्याचा जन्म १९८५ मध्ये ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीत झाला. आपल्या खिशातला जवळपास प्रत्येक मोबाइल एआरएमवर चालतो. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिप आणि क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपही एआरएमच.

सॉफ्टवेअर तयार होते ते एका विशिष्ट सिस्टीमसाठी आणि एका विशिष्ट घराण्यासाठी. एकच मराठी मजकूर बाळबोधीत लिहिता येतो आणि मोडीतही. ज्याला फक्त बाळबोध येते त्याच्या हाती मोडीतले दप्तर दिले, तर भाषा आपलीच असूनही अक्षर लागत नाही. शेजारी मोडी जाणणारा बसवावा लागतो. संगणकात हे काम ‘एम्युलेशन’ करते. ॲपलचा असा वाचक म्हणजे रोझेटा, मायक्रोसॉफ्टचा प्रिझम. मजकूर वाचून होतो, पण थोडा वेळ आणि थोडी बॅटरी जास्त जाते. काही कागद मात्र या वाचकालाही लागत नाहीत. ते कोणते, हे पुढे येईलच.

यादी कशी करायची?

ज्या शाखेला प्रवेश घ्यायचा आहे किंवा जे काम करायचे आहे, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडायचा आणि प्रयोगशाळेच्या विषयांत कोणती सॉफ्टवेअर लिहिली आहेत ते पाहायचे. महाविद्यालयातल्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला विचारले तर दहा मिनिटांत यादी मिळते. त्यानंतर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या संकेतस्थळावर ‘सिस्टम रिक्वायरमेंट्स’ हे पान वाचायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण लाखाच्या खरेदीत वाचण्यासारखे एकच पान निवडायचे झाले तर हेच.

मेकॅनिकलचे उदाहरण वर आलेच. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही विंडोजवरची सॉफ्टवेअर आहेत. ॲन्सिस विंडोज आणि लिनक्सवर आहे, मॅकवर नाही. ऑटोडेस्कचे फ्यूजन मात्र मॅकवरही आहे, त्यामुळे ‘मेकॅनिकलवाल्याने मॅक घेऊच नये’ असा सरसकट नियम करता येत नाही; महाविद्यालय काय शिकवते त्यावर ते अवलंबून आहे. सिव्हिलला स्टॅड प्रो आणि ईटॅब्स लागतात, दोन्ही विंडोजची. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण ती विंडोज आवृत्तीच्या बरोबरीची नाही. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना लागणारे रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स पूर्णपणे विंडोजचे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये केलचे म्युव्हिजन आणि प्रोटियस विंडोजवर, व्हिवाडो विंडोज आणि लिनक्सवर. मॅटलॅब मॅकवर चालते आणि २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते ॲपलच्या चिपसाठी खास तयार केलेल्या रूपातही मिळते.

वाणिज्य शाखेत हीच गोष्ट वेगळ्या नावांनी घडते. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. पॉवर बीआय डेस्कटॉपही तसेच. मॅकवर एक्सेल चालते, ही माहिती बरोबर आहे, पण त्यात पॉवर पिव्हट नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस तर मॅकसाठी नाहीच. सीएच्या आर्टिकलशिपला बसणाऱ्या मुलाला याचा अर्थ पहिल्याच महिन्यात कळतो.

कॉम्प्युटर आणि आयटी शाखेच्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक मोकळीक आहे. पायथन, जावा, व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ, डेटाबेस हे सगळे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. अपवाद दोन. आयफोनची ॲप बनवायची तर एक्सकोड लागते आणि ते फक्त मॅकवर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल स्वतःच्या यंत्रावर प्रशिक्षित करायची तर एन्व्हिडियाची कुडा प्रणाली लागते; एन्व्हिडियाने मॅकसाठी ती केव्हाच बंद केली. अर्थात, शिकण्याच्या पातळीवर हे काम गुगल कोलॅबवर ब्राउझरमधून होते. त्यासाठी दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप हवाच, असे सांगणाऱ्याला आधी काय खेळायचे आहे ते विचारावे.

खेळांचाच विषय निघाला आहे तर व्हॅलोरंट मॅकवरही चालत नाही आणि लिनक्सवरही नाही.

मग मॅक कोणासाठी?

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःच्या एम १ चिपचे मॅक आणले. तेव्हा मॅकबुक एअरची भारतातली सुरुवातीची किंमत ९२,९०० रुपये होती. मार्च २०२५ मध्ये एम ४ चिपचा एअर ९९,९०० रुपयांना आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली, हा बदल विद्यार्थ्यांच्या दृष्टीने नव्या चिपपेक्षाही महत्त्वाचा होता. पंखा नाही, आवाज नाही, वर्गात चार्जर नेण्याची गरज सहसा पडत नाही आणि जुना मॅक विकायला काढला तर भाव तुलनेने बरा येतो. प्रोग्रॅमिंग, चित्रफीत संकलन, संगीत, लेखन यांसाठी तो चांगला पर्याय आहे. फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो तर अन्यत्र मिळतच नाहीत.

‘मॅकवर विंडोजही टाकून देऊ’ हे दुकानातले वाक्य मात्र जपून ऐकावे. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने खरोखरचे विंडोज टाकता येई. ॲपलच्या चिपवर ती सोय नाही. पॅरलल्ससारखे वेगळे, सशुल्क सॉफ्टवेअर घेऊन त्यात विंडोज चालवता येते, पण तेही एआरएमचे विंडोज. म्हणजे एक्स८६ साठी लिहिलेले सॉलिडवर्क्स आधी प्रिझममधून, मग पॅरललमधून, मग मॅकओएसवर, असा तीन उंबरठ्यांचा प्रवास. लहानसहान कामाला चालून जाते. चार वर्षांची पदवी त्यावर काढू नये.

वापरलेला इंटेल मॅक स्वस्तात मिळतो, त्याबाबतही सावध राहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठीची अखेरची मोठी आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे.

स्नॅपड्रॅगनच्या विंडोज लॅपटॉपमध्ये अडचण कुठे येते?

सर्वाधिक गोंधळ याच लॅपटॉपबाबत होतो, कारण पडद्यावर नेहमीचेच विंडोज दिसते. स्टार्ट बटण तेच, वर्ड-एक्सेल तेच. मायक्रोसॉफ्टने जून २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ नावाने हे लॅपटॉप बाजारात आणले. सुरुवातीचे सगळे स्नॅपड्रॅगन एक्स चिपवर होते. बॅटरी खरोखर चांगली टिकते आणि चार्जर काढला तरी वेग फारसा उतरत नाही. ब्राउझर, ऑफिस, झूम, व्हॉट्सॲप, फोटोशॉप अशी रोजची सॉफ्टवेअर एआरएमसाठी तयार आहेत. ज्याचे काम एवढेच आहे, त्याने हा लॅपटॉप घ्यायला हरकत नाही.

मायक्रोसॉफ्टचा हा पहिला प्रयत्न नव्हे. २०१२ मध्ये विंडोज आरटी आले होते. त्यावर जुने एकही विंडोज सॉफ्टवेअर चालत नसे आणि पुढच्याच वर्षी कंपनीला न खपलेल्या सरफेस आरटीपोटी ९० कोटी डॉलरचा तोटा मांडावा लागला. त्या मानाने आजचा प्रिझम खूप पुढे गेला आहे. ३२ आणि ६४ बिट अशी दोन्ही प्रकारची जुनी सॉफ्टवेअर तो चालवतो.

पण त्याला न लागणारे कागद म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, प्रयोगशाळेतला प्रोग्रॅमर बोर्ड यांना विंडोजशी जोडणारा ड्रायव्हर हा सिस्टीमच्या गाभ्यात बसतो आणि तिथे एम्युलेशन चालत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठी लिहिलेला असेल तर उपकरण चालेल, नसेल तर नाही. मधला मार्ग नाही. नवे प्रिंटर बहुधा चालतात, कारण विंडोजमध्ये त्यांच्यासाठी सामायिक ड्रायव्हर असतो. दहा वर्षे जुना बिलिंग प्रिंटर किंवा स्थानिक विक्रेत्याकडून घेतलेले बायोमेट्रिक यंत्र यांची खात्री देता येत नाही. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याचा अख्खा धंदा अशा तीन-चार यंत्रांवर उभा असतो. करसल्लागाराचे निम्मे काम डिजिटल सहीच्या टोकनवर अडते. त्यांनी स्नॅपड्रॅगन लॅपटॉप घेण्याआधी यंत्राच्या कंपनीला ‘विंडोज एआरएम ६४ चा ड्रायव्हर आहे का’ एवढे एकच वाक्य लिहून विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

हाच न्याय काही खेळांना आणि अभियांत्रिकी सॉफ्टवेअरना लागू होतो. चोरी पकडणारी किंवा परवाना तपासणारी त्यांची यंत्रणा ड्रायव्हरच्या रूपात असते. सॉफ्टवेअर स्थापित होते, उघडत मात्र नाही. ऑनलाइन परीक्षेसाठी महाविद्यालय जे लॉकडाउन ब्राउझर वापरायला सांगते, त्याचीही आधी चौकशी केलेली बरी.

ओळखायचे कसे? खोक्यावर ‘स्नॅपड्रॅगन’ लिहिलेले असतेच, पण ऑनलाइन घेताना नावाने फसगत होऊ शकते. डेलच्या एक्सपीएस १३ मध्ये ९३४५ क्रमांकाचे मॉडेल स्नॅपड्रॅगनचे आहे आणि ९३५० इंटेलचे. बाहेरून दोन्ही जुळी भावंडे. दुकानात चालू लॅपटॉप समोर असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडावे. तिथे ‘एक्स६४’ लिहिले असेल तर इंटेल किंवा एएमडी, ‘एआरएम’ लिहिले असेल तर स्नॅपड्रॅगन.

दिवसभराची बॅटरी हवी आणि ड्रायव्हरची धास्तीही नको, अशांसाठी मधली वाट सप्टेंबर २०२४ पासून उघडली आहे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेने एक्स८६ घराण्यात राहून बॅटरीचे अंतर बरेच कमी केले. ‘एक्स८६ म्हणजे तापणारा, चार तासांत संपणारा लॅपटॉप’ हे समीकरण त्यामुळे जुने झाले. मात्र किंमत वरच्या गटातली आहे. प्रोसेसरच्या नावांचा घोळ वेगळाच : एएमडीचा रायझन ५ ७५२० यू नावाने सात हजार मालिकेतला दिसतो, पण आतली रचना त्याआधीच्या झेन २ पिढीची आहे. त्या क्रमांकातला तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, पहिला फक्त बाजारात आल्याचे वर्ष.

लिनक्स आणि क्रोमबुकचे काय?

लिनक्ससाठी वेगळा लॅपटॉप शोधण्याची गरज सहसा नसते. इंटेल किंवा एएमडीच्या विंडोज लॅपटॉपवर उबुंटू शेजारी टाकता येते आणि सुरू करताना हवे ते निवडता येते. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला हा सर्वांत लवचीक पर्याय आहे. ‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ असे लिहिलेले लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळतात, मात्र विंडोज लागणारच असेल तर त्याच्या परवान्याचा खर्च धरून हिशेब करावा. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प मॅटलॅबऐवजी सायलॅब, सर्किटसाठी ईसिम अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. मुद्दा एवढाच की प्राध्यापकांनी असाइनमेंट त्याच फाइल प्रकारात मागितली तर पर्यायी सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही.

क्रोमबुक म्हणजे मुख्यतः ब्राउझर आणि अँड्रॉइड ॲप. शाळकरी मुलांसाठी, ऑनलाइन वर्गांसाठी आणि टायपिंगसाठी तो स्वस्त आणि पुरेसा आहे. पदवीच्या तांत्रिक शिक्षणासाठी नाही. घेताना एकच तारीख पाहावी, अपडेट बंद होण्याची. २०२१ पासूनच्या मॉडेलना गुगलने दहा वर्षांचे अपडेट देऊ केले आहेत, पण हा काळ मॉडेल बाजारात आल्यापासून मोजला जातो, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दुकानात धूळ खात पडलेला क्रोमबुक म्हणूनच स्वस्त असतो.

मराठीतून काम करणाऱ्यांनी काय पाहावे?

युनिकोड मराठी तिन्ही सिस्टीमवर चालते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीपासून असतो. प्रश्न येतो तो डीटीपीवाल्यांचा. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर, जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे केलेल्या लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, स्मरणिका यांच्या फाइल ज्यांच्याकडे आहेत, त्यांचे काम विंडोजला बांधलेले आहे. अनेकांकडे तर अजून पेजमेकर आहे, ज्याची अखेरची आवृत्ती २००१ ची. अशा व्यावसायिकाने इंटेल किंवा एएमडीचाच लॅपटॉप घ्यावा. श्रीलिपीसाठी हार्डवेअर लॉक वापरत असाल तर तोही ड्रायव्हरवर चालतो, हे विसरू नये.

दुकानात गेल्यावर

प्लॅटफॉर्म ठरला की उरलेले निर्णय सोपे होतात. रॅम १६ जीबीच घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढल्यामुळे ८ जीबीची मॉडेल पुन्हा पुढे केली जात आहेत. ती घ्यायचीच असतील तर रॅम वाढवण्याची जागा आहे का, हे विचारूनच. मॅकमध्ये आणि बहुतेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्ये रॅम जडवलेली असते, नंतर वाढत नाही. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीच टाकता येत नाही. त्यातून फुकट बाहेर पडता येते, पण परत जाता येत नाही. बहुतेकांना परत जायचेही नसते.

दुरुस्तीचाही विचार आधीच व्हावा. ॲपलचे देशातले पहिले स्वतःचे दालन एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीत उघडले, पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मॅकच्या दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागते. विंडोज लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा बॅटरी बदलणारा कारागीर बसस्थानकाजवळच्या गाळ्यातही सापडतो.

आणि घाई नसेल तर पहिले सत्र थांबण्यातही शहाणपण आहे. पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅमिंग कुठल्याही साध्या यंत्रावर होते, महाविद्यालयाची प्रयोगशाळाही असतेच. शाखा बदलून मिळण्याची शक्यता असेल तर तोवर यादीच पक्की नसते.

घरातला जुना लॅपटॉप चालेल का?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्यात आली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडून ती पैसे न देताही घेता येते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा, पण धडधाकट लॅपटॉप असेल तर त्यावर उबुंटू किंवा गुगलचे मोफत क्रोमओएस फ्लेक्स टाकून पहिल्या वर्षापुरते काम सहज भागते. दोन्ही आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. वायफाय, आवाज आणि कॅमेरा चालतो का, एवढे तपासावे आणि मगच आतली डिस्क पुसावी. त्या डिस्कवर वडिलांची टॅली असेल, तर तिचा बॅकअप त्याच्याही आधी.